लिस्बनला चार दिवस: एक बाबागाडी आणि दोन मोबाईल

फोंड्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मे महिन्यात चार रात्री लिस्बनला जायचं ठरतंय. नवरा-बायको, सोळा वर्षांचा मुलगा, चौदा वर्षांची मुलगी आणि त्याच सुमारास दोन वर्षांचा होणारा धाकटा. यजमानांचं म्हणणं, एवढे पैसे घालून जातोय तर सिंत्रा, काश्काइश, फातिमा आणि जमलं तर पोर्तोही उरकून येऊ. शेवटी त्या लिहितात, "सगळ्यांना आवडेल असा कार्यक्रम सुचवा."

ताई, सतरा वर्षं मी म्हापशात बसून लोकांच्या घरच्या सहली आखून देते. सहलीतली बरीचशी भांडणं या "सगळ्यांना आवडेल" पासूनच सुरू होतात. दोन वर्षांचं पोर आणि सोळा वर्षांचा मुलगा एकाच वेळी खूश राहतील अशा जागा लिस्बनमध्ये मला दोनच सापडल्या: मत्स्यालय आणि रेल्वेची खिडकी. बाकी सगळीकडे कुणीतरी कुणासाठी तरी तिष्ठत उभं असतं.

त्यामुळे काय बघायचं, हा तुमचा खरा प्रश्न नव्हे. कोण कुणाबरोबर आणि किती वाजता, हा आहे. तो सुटला की ठिकाणं आपोआप गळतात. पोर्तो लगेच गळतं, कारण वेगवान गाडीनेही एका बाजूचे जवळजवळ तीन तास जातात. फातिमा लिस्बनपासून सव्वाशे किलोमीटरवर आहे. कुणाचा नवस असेल तर जरूर जा, नाहीतर सोडा. यजमानांना सांगा, चार रात्री म्हणजे हातात धड साडेतीन दिवस, आणि त्यातला पहिला अर्धा झोपेचा.

काही गोष्टी मात्र मी इथे बसून सांगू शकत नाही. धाकटा दुपारी गाडीत झोपतो की त्याला पलंगच लागतो? पाठीवरच्या झोळीत बसतो की पाय झाडतो? आणि मोठ्या दोघांना परक्या गावात दोन तास एकटं सोडायची तुमची तयारी आहे का? या तिन्हींची उत्तरं "होय" धरून पुढचं लिहिते. एखादं "नाही" असेल तर रोजचा एक कार्यक्रम कमी करा.

आधी घड्याळ. मे महिन्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. आपले सकाळचे आठ वाजतात तेव्हा तिथे पहाटेचे साडेतीन. धाकटा पहिल्या दोन दिवशी चारच्या आसपास उठणार, हे धरूनच चला. गंमत म्हणजे पहिल्या दिवशी मोठी दोघंही लवकर उठतात. एरवी रविवारी अकरापर्यंत न हलणारी मुलं सहाला भुकेने फिरत असतात. या चुकलेल्या झोपेचा फायदा घ्या. पहिल्या सकाळी उजाडताच बाहेर पडून बायशा भागातून नदीकाठच्या प्रासा दो कोमेर्सिओ चौकात जा. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात हा सगळा भाग कोसळला आणि नंतर पोंबाल या तेव्हाच्या मंत्र्याने तो सरळ रेषांत आखून पुन्हा बांधला. त्यामुळे सात टेकड्यांच्या या गावात बाबागाडी मुकाट चालेल असा पट्टा म्हणजे हाच. त्या वेळी रस्त्यावर गर्दी नसते, बेकऱ्या उघडत असतात, आणि मुलांना पहिला पाश्तेल द नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डची छोटी पेस्ट्री, गरम मिळतो. दुपारी मात्र सगळ्यांच्या माना टाकल्या जातील, तेव्हा त्या दिवसाचं कुठलंही तिकीट काढून ठेवू नका.

राहायला अल्फामात जाऊ नका. फोटोत फार देखणी वाटते, अगदी पणजीतल्या आपल्या फोंतेन्यसची थोरली बहीण. पण तिथे गल्ल्या म्हणजे जिने आणि जुन्या घरांना लिफ्ट नाही. मी स्वतः एकदा भाचीच्या तान्ह्यासकट तिथे राहिले. पहिल्याच संध्याकाळी त्या छोट्या पांढऱ्या दगडांच्या फरसबंदीत बाबागाडीचं पुढचं चाक निखळलं, आणि उरलेले दिवस ती गाडी खोलीत कपडे वाळत घालायला कामी आली. बायशा, सालदान्या किंवा मेट्रोच्या लाल मार्गावरची एखादी जागा बघा. लाल मार्ग थेट विमानतळावरून निघतो. हॉटेलच्या एका खोलीत पाच जणांना बहुधा घेत नाहीत आणि दोन खोल्या शेजारी मिळतीलच असं नाही. म्हणून दोन बेडरूमचा फ्लॅट बरा: स्वयंपाकघर असतं, कपडे धुवायचं यंत्र असतं. बुक करण्याआधी मालकाला लेखी विचारा की लिफ्ट आहे का आणि रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती. दुसरा प्रश्न लोक विसरतात. तिथे पहिला मजला म्हणजे आपल्यासारखाच तळमजल्यावरचा, त्यामुळे तो हिशेब चुकत नाही. शहराचा पर्यटन कर प्रत्येकी रात्रीला ४ युरो आहे आणि तो १३ वर्षांपासून पुढे लागतो. म्हणजे तुमच्याकडे चौघांचा.

बाबागाडी न्या, पण हलकी, एका हाताने मिटणारी. झोळी तर हवीच. मेट्रोच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट नाही, आणि जिथे आहे तिथे ती चालू असेलच असं नाही. तिथली फरसबंदी वर्षानुवर्षं पायांनी घासून गुळगुळीत झालेली आहे. पावसाची सर आली की ती शेवाळलेल्या विहिरीच्या काठासारखी होते. सगळ्यांना पकड असलेले बूट घाला, चपला नकोत. आणि अठ्ठावीस नंबरच्या पिवळ्या ट्रामचं स्वप्न बाबागाडीसकट बघू नका. ती बोटभर रुंद, खचाखच भरलेली, आणि खिसेकापूंची आवडती. मोठ्या मुलांना हवीच असेल तर त्यांना बाबांबरोबर सकाळी लवकर मार्तीं मोनीज इथून, म्हणजे जिथून ती सुटते तिथून, बसवा. तुम्ही धाकट्याला घेऊन एश्त्रेला बागेत जा. ट्राम तिच्या दारावरून जाते, आत बदकांचं तळं आणि खेळायची जागा आहे. तिथेच भेटा.

पूर्ण एकत्र घालवायचा दिवस म्हणजे पार्के दास नासोंइश. १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी नदीकाठी वसवलेला हा भाग सपाट आणि रुंद आहे. इथल्या मत्स्यालयाची मधली टाकी ५० लाख लिटरची. तिच्या काचेसमोर मुलं जमिनीवर फतकल मारून बसतात, आणि डोक्यावरून शार्क, वाघळी आणि तो ताटासारखा चपटा सूर्यमासा जातो. माझ्या अनुभवात दोन वर्षांची पोरं इथे तासभर सहज रमतात, जी एरवी पाच मिनिटं टिकत नाहीत. मोठ्यांना कंटाळा आला तर शेजारीच विज्ञानकेंद्र आहे, हात लावून करून बघायचं. मात्र ते सोमवारी बंद असतं. मत्स्यालय रोज उघडं. डायपर बदलायला आणि जेवायला समोरचा मॉल आहे. त्याचं नाव वास्को द गामा. तुमची मुलं "इथे पण वास्को!" म्हणून त्याचा फोटो कुणाला तरी पाठवणार, माझ्याकडे येणारी सगळी पाठवतात.

बेलें या लिस्बनच्या नदीकाठच्या भागावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या मुलांना तिथे जे दिसतं ते मुंबईच्या मुलांना दिसत नाही. बहुतेक लोक जेरोनिमोस मठ, मनोरा आणि १८३७ पासूनचं ते पेस्ट्रीचं दुकान करून दोन तासांत परततात. आपण वेगळं करू शकतो. मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाचं थडगं आहे. तो १५२४ मध्ये कोचीला मेला आणि त्याचे अवशेष पुढे पोर्तुगालला नेले. नदीकाठी दर्यावर्दींचं ते ५२ मीटर उंच स्मारक आहे, जहाजाच्या नाळेसारखं. त्यावर दोन्ही बाजूंनी माणसं कोरलेली आहेत. मोठ्या दोघांना कामाला लावा: यांतला गोवा जिंकणारा आफोंसो दे आल्बुकेर्क कुठला ते शोधा, आणि आपल्या जुन्या गोव्यातल्या बों जेझू चर्चमधला सां फ्रांसिश्कु शाव्हियेर कुठला तेही शोधा. दोघेही आहेत. आधी हे स्मारक १९४० च्या प्रदर्शनासाठी कच्च्या सामानात उभारलं होतं, पक्क्या रूपात झालं १९६० मध्ये. म्हणजे साहसाचा एवढा दगडी गौरव उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. चौदा-सोळा वर्षांच्या मुलांना ही तारीख स्मारकासमोर उभं राहून सांगितली की ती मोबाईल खाली ठेवतात. निदान दोन मिनिटं तरी.

धाकट्यासाठी तोच परिसर म्हणजे मोकळं गवत, कारंजी आणि बोटी. तो झोपला तर एकाने बाकावर बसून राहावं. दुसऱ्याने मोठ्यांना भूकंपाच्या संग्रहालयात न्यावं. हे अलीकडचं, २०२२ चं आहे. १७५५ ची ती सकाळ हलणाऱ्या बाकांवर बसवून दाखवतात. छोट्याला तिथे नेऊ नका, घाबरेल. मठ सोमवारी आणि १ मेला बंद असतो. मे महिन्यात जाताय म्हणून ही दुसरी तारीख मुद्दाम सांगतेय.

तिसऱ्या दिवशी काश्काइशची गाडी. काइश दो सोद्रे स्टेशनवरून निघते, सुमारे चाळीस मिनिटं, आणि बराचसा मार्ग पाण्याच्या कडेने जातो. धाकट्याला खिडकीशी बसवा आणि निवांत व्हा. वाटेत काशियाश नावाचं स्टेशन लागतं. तिथल्या किल्ल्याच्या तुरुंगात आपले मोहन रानडे होते, मराठी शाळेतले मास्तर आणि गोवा मुक्तिलढ्यातले सैनिक. गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर, १९६९ च्या जानेवारीत त्यांची सुटका झाली. समुद्रकिनाऱ्याची गाडी, उन्हात न्हालेले लोक, हातात आइस्क्रीम, आणि मधे हे स्टेशन. मी दरवेळी तिथे गप्प होते. मुलांना आदल्या रात्री सांगून ठेवा म्हणजे स्टेशनची पाटी निसटणार नाही. सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत. काश्काइशला पोचल्यावर समुद्रात पोहण्याच्या मोठ्या योजना नकोत. आपल्या मिरामारच्या सवयीने मुलं धावत जातात आणि किंचाळत परत येतात. अटलांटिकचं पाणी मे महिन्यात बर्फासारखं असतं. वाळूत खेळायला मात्र झकास.

आता सिंत्रा. इथे यजमानांचं आणि माझं जमणार नाही. रोसियोवरून गाडीने चाळीस मिनिटं, हे खरं. पण खरी दगदग त्यापुढे. स्टेशनवरून पेना राजवाड्याला जाणारी बस वळणावळणांची आहे. चोर्ला घाटात ज्या पोराला उलटी होते त्याला तिथेही होईल. राजवाड्याचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं, आणि बागेच्या दारापासून राजवाड्यापर्यंत चढाने अर्धा तास सहज जातो. मागे एका कुटुंबाला मी, माझ्याच हट्टाने, ही सहल आखून दिली होती. पोर दारातच झोपलं, त्याला उठवायला आईचा जीव होईना, वेळ टळली, पाच जणांची तिकिटं वाया. तेव्हापासून बाबागाडीवाल्यांना मी पेना सुचवत नाही.

तरी मोठ्यांसाठी सिंत्रा करायचं असेल तर कुटुंब फोडा. पालकांपैकी एकाने मोठ्या दोघांना घेऊन सकाळी लवकर निघावं, आणि पेनाऐवजी किंता दा रेगालैरा करावं. गावातून चालत जाता येतं. आत २७ मीटर खोल उलटी विहीर आहे. गोल जिन्याने तळाशी उतरायचं आणि अंधाऱ्या बोगद्यांतून बाहेर पडायचं. आपल्या मुलांनी विहिरी पाहिल्यात, पण पाण्याऐवजी जिना असलेली नाही. दुसऱ्याने धाकट्यासोबत गुल्बेंकियानच्या बागेत गवतावर लोळावं आणि दुपारी त्याच्याबरोबर झोपावं. एक अट: सिंत्राला आई जाणार आणि धाकट्याजवळ बाबा राहणार. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊ जणी हे वाचून हसतात आणि प्रत्यक्षात उलट करतात. मग परतल्यावर सांगतात की लिस्बनमध्ये मी फक्त बागा पाहिल्या.

मोठ्या दोघांना एकटं सोडण्याचं भय समजतं. पण पणजीच्या बाजारात जी मुलं एकटी फिरतात त्यांना बायशा-शियादो भागात दिवसाउजेडी दोन तास देता येतात. मे महिन्यात उजेड रात्री साडेआठपर्यंत असतो. दोघं कायम एकत्र, ठरलेल्या चौकात ठरलेल्या वेळी हजर, मोबाईल चालू आणि चार्ज केलेला. खिशात थोडे युरो, पासपोर्ट नाही. दोन गोष्टी आधी उघडपणे सांगा. एक, रस्त्यात कुणी जवळ येऊन हळूच गांजा-हशीश विचारेल. त्यांच्याकडे बहुतेकदा सुकलेला पालापाचोळाच असतो. "नको" म्हणून पुढे चालायचं, थांबायचं नाही. दोन, गर्दीत बॅग पुढे. अडचण आली तर ११२.

त्यांना फिरण्यासाठी एक खेळही देते, माझा आवडता. आपल्या घरातले शब्द लिस्बनच्या पाट्यांवर शोधा. पाव, बटाटा, चावी, जनेल, मेज, बालदी, तुवालो, इगर्ज. सगळे तिथे भेटतात, थोडे वेगळ्या उच्चारात. आणि बल्कांव? त्याने मुलं फसतात. तिथे बाल्कांव म्हणजे दुकानातलं किंवा बँकेतलं काउंटर. संध्याकाळी बसून गजाली मारायची जागा नव्हे.

मुलगा फुटबॉलवेडा असेल, आणि गोव्यात नसेल तर नवल, तर त्याला एखाद्या स्टेडियमची फेरी घडवा. लूझ हे बेन्फिकाचं, आल्व्हालाद हे स्पोर्टिंगचं. रोनाल्डो घडला तो स्पोर्टिंगमध्ये. कळंगुटला त्याचा पुतळा बसला, पण २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचा क्लब अल नासर फातोर्ड्याला खेळायला आला तेव्हा साहेब स्वतः आलेच नाहीत. आमच्या इमारतीतली पोरं अजून रुसलेली आहेत.

जेवणाची फार चिंता नको. धाकट्याला पेज हवी असेल तर रेस्टॉरंटमध्ये "कांजा" मागा. कोंबडीच्या रश्शात शिजवलेला मऊ भात, आणि शब्द आपल्याकडच्या कांजीवरूनच तिकडे गेलेला. शाकाहारी वाराला मार्तीं मोनीज भागात दक्षिण आशियाई वाणी आहेत, डाळ-तांदूळ-पीठ मिळतं. काल्दु व्हेर्द हे पालेभाजीचं सूप दिसायला शाकाहारी, पण त्यात चोरीसची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची, चकती घालतात, आधी सांगा. मोठी दोघं कॅफेतल्या शामुसावर जगतील. ते म्हणजे आपले सामोसेच. बसल्याबसल्या टेबलावर पाव, लोणी, ऑलिव्ह आणून ठेवतात ते फुकट नसतं. हात लावला नाहीत तर पैसे द्यावे लागत नाहीत. आणि बरीच रेस्टॉरंट्स रात्री साडेसातच्या आत उघडत नाहीत. धाकट्याला तोवर दम निघणार नाही, म्हणून त्याचं जेवण फ्लॅटवर सहाला उरका.

राहिली कागदपत्रं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेसाठी थांबून राहू नका, त्या मोसमात भेटीच्या तारखा पटापट भरतात. १२ वर्षांवरच्यांना ९० युरो, म्हणजे तुमच्याकडे चौघांना. सहा वर्षांखालच्याला शुल्क नाही. बोटांचे ठसे १२ पासून. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा. धाकट्यालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. घरात कुणाचा पोर्तुगीज पासपोर्ट असेल, तर त्या माणसाची रांग आणि नियम वेगळे, ते आधी कळवा. २०२५ च्या ऑक्टोबरपासून युरोपच्या सीमेवर ठसे आणि फोटो घेणं सुरू झालंय, त्यामुळे विमानतळावर रांग लांबते. खाऊ, पाणी आणि एक सुका डायपर हातातल्याच पिशवीत ठेवा. तान्हं मूल कडेवर असेल तर पोर्तुगालमध्ये रांगेत पुढे घेण्याचा कायदा आहे, दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. संकोच न करता विचारा.

इथेच तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला टोचतेय. गोव्याहून थेट विमान नाही, मुंबईमार्गे किंवा आखातातून जावं लागणार, आणि दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं म्हणून तिकीट नाममात्र पडतं. पण प्रवासाच्या मधल्या काळात त्याचा दुसरा वाढदिवस आला तर परतीला त्याला स्वतःची सीट घ्यावी लागते, आणि ती ऐनवेळी महाग पडते. धाकट्याची जन्मतारीख आणि परतीची तारीख कळवा. चार-पाच दिवस इकडेतिकडे करून ते बसवता येतं का, ते बघून सांगते.